पॅनोरमा कॅमेऱ्याची खरेदी मेगापिक्सेल पाहून करू नये

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईतील वारसा परिसरांच्या छायाचित्र-नोंदीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. फोर्ट, ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह या भागांची अतिउच्च रिझोल्यूशनची विहंगम छायाचित्रे, म्हणजे पॅनोरमा, ठरावीक वर्षांनी त्याच त्या जागांवरून घेतली जावीत, ही लेखकाची सूचना मला मनापासून पटली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 मध्ये आणि व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत आला, तेव्हा अशी नोंद ठेवणे ही आता हौस नसून जबाबदारी आहे. परंतु फिल्म खर्चिक आणि कालबाह्य झाली असल्याने संस्थांनी या कामासाठी खास डिजिटल पॅनोरमा कॅमेरा विकत घ्यावा, हा लेखातला पुढचा निष्कर्ष घाईने काढलेला आहे असे माझे मत आहे. छपाईपूर्व कामाच्या धंद्यात, प्रभादेवीच्या एका गाळ्यात ड्रम स्कॅनर, म्हणजे फिरत्या नळकांड्यावर बसवलेली फिल्म बारकाईने टिपणारे यंत्र, चालवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि फिल्मवरचे व डिजिटल असे दोन्ही प्रकारचे पॅनोरमा छपाईसाठी हाताखालून गेले. यातला खरा खर्च कॅमेऱ्याच्या बिलात दिसत नाही. वर्षाकाठी किती चित्रे घ्यायची आहेत आणि ती पुढे सांभाळणार कोण, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तो ठरतो, आणि लेखात नेमके हेच दोन प्रश्न सुटले आहेत.

प्रथम फिल्मची बाजू पाहू. पॅनोरमासाठी ज्या कॅमेऱ्यांचे नाव आजही घेतले जाते ते लिनहॉफ टेक्नोरामा 617 आणि फुजी जीएक्स 617 हे कॅमेरे 120 क्रमांकाच्या साध्या रोलवर सुमारे 56 बाय 168 मिलिमीटरची, म्हणजे ढोबळमानाने 6 बाय 17 सेंटिमीटरची, फ्रेम घेतात. एका रोलमध्ये अशा चारच फ्रेम बसतात. ही फ्रेम इंचाला 4000 बिंदू या दराने स्कॅन केली तर 23 कोटींहून अधिक पिक्सेलची फाइल तयार होते, आणि हा आकडा ऐकून कोणीही प्रभावित व्हावे. मात्र फाइलमधला प्रत्येक पिक्सेल काही माहिती घेऊन येत नाही. एवढ्या मोठ्या फ्रेमवर जवळचा कठडा आणि लांबची इमारत दोन्ही रेखीव हवी असतील तर भिंगाचे छिद्र एफ/22 पर्यंत बारीक करावे लागते, आणि तेवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने एफ/22 ला भिंग मिलिमीटरमागे जेमतेम 68 रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) वेगळ्या दाखवू शकते. त्या टिपायला इंचाला साडेतीन हजारांच्या आसपास बिंदू पुरतात. ही झाली आदर्श भिंगाची मर्यादा. फिल्मचा कण, रोलचा किंचित बाक आणि वाऱ्याने थरथरणारा ट्रायपॉड जमेस धरला, तर माझ्या पाहण्यात 2400 बिंदूंच्या पुढे केलेल्या स्कॅनमध्ये बहुधा फिल्मचे दाणेच अधिक स्पष्ट होत असत, इमारतीचे तपशील नव्हे. म्हणजे फिल्मच्या एका चांगल्या फ्रेममधून खऱ्या अर्थाने आठ-साडेआठ कोटी पिक्सेलइतका ऐवज हाती लागतो, असे मी मानतो.

आता खास डिजिटल पॅनोरमा कॅमेरा. या प्रकारातला सर्वांत गाजलेला म्हणजे स्वित्झर्लंडच्या साइट्झ कंपनीने 2006 मध्ये जाहीर केलेला 6 बाय 17 डिजिटल. त्याचे चित्र 7500 बाय 21,250 पिक्सेलचे, म्हणजे जवळजवळ 16 कोटी पिक्सेलचे होते, आणि डिजिटल संवेदकात (सेन्सरमध्ये) फिल्मचा कण नसल्यामुळे हे 16 कोटी पिक्सेल फिल्मच्या स्कॅनमधल्या 23 कोटींपेक्षा स्वच्छ असत, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. त्याची किंमत 30 हजार डॉलरहून अधिक होती. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम साडेतेरा लाख रुपयांच्या वर जाते. आयात शुल्क, भिंगे आणि एवढ्या मोठ्या फाइली हाताळणारा संगणक हे सगळे त्याखेरीज. प्रत्येक रंगाला 16 बिट धरले तर या कॅमेऱ्याचे एक चित्र 95 कोटी बाइट जागा घेते. तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरने, म्हणजे कमी-जास्त प्रकाश घेऊन, एक दृश्य घेतले की जवळपास तीन गिगाबाइट भरतात, आणि सुरक्षिततेसाठी तीन प्रती ठेवायच्या म्हटल्या तर एका दृश्यामागे साडेआठ गिगाबाइट.

या कॅमेऱ्याची कार्यपद्धती समजून घेतल्याखेरीज त्याच्या उपयुक्ततेबद्दल बोलणे व्यर्थ आहे. यात संपूर्ण चित्र एकदम टिपले जात नाही. एक अरुंद संवेदक चित्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो आणि उभ्या पट्ट्यांमागून पट्ट्या टिपत जातो. साइट्झने हा वेळ सेकंदापर्यंत खाली आणला, ही मोठीच कामगिरी होती. त्याआधीच्या, कॅमेऱ्यामागे फिल्मऐवजी बसवायच्या ‘स्कॅनिंग बॅक’ प्रकारच्या उपकरणांना एका चित्रासाठी कित्येकदा काही मिनिटे लागत. परंतु एक सेकंदसुद्धा मुंबईच्या रस्त्यावर पुष्कळ असतो. आमच्याकडे छपाईला आलेल्या अशाच एका चित्रात चर्चगेटसमोरच्या रस्त्यावरची बेस्टची दुमजली बस निम्म्याने आखूड झाली होती आणि शेजारून विरुद्ध दिशेने जाणारी टॅक्सी तेवढीच लांबलचक. संवेदक ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने जाणारी वस्तू ताणली जाते आणि उलट येणारी आक्रसते, एवढे साधे त्याचे कारण. ओव्हल मैदानावरच्या पॅनोरमात तर धावत येणारा गोलंदाज, त्याचा फिरणारा हात आणि क्षेत्ररक्षक या प्रत्येकाची नोंद वेगवेगळ्या क्षणांची होते. आपल्याकडे विजेचा प्रवाह 50 हर्ट्झचा असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात, आणि संग्रहालयाच्या दालनात रेषेरेषेने टिपलेल्या चित्रावर त्या झगमगाटाचे उभे पट्टे उमटतात. हे दोष नंतर संगणकावर काढण्याचा प्रयत्न करता येतो. परंतु ज्याला नोंद म्हणायचे, त्या चित्रातली बस हाताने दुरुस्त करणे मला योग्य वाटत नाही.

याच उपकरणांचे एक क्षेत्र मात्र असे आहे, की तिथे त्यांना तोड नाही. जुने नकाशे, चित्रे, हस्तलिखिते, गालिचे, म्हणजे जिथे वस्तू हलत नाही आणि प्रकाश आपल्या ताब्यात असतो, तिथे रेषेरेषेने टिपलेल्या प्रतिमेची रंगशुद्धता आणि बारकावा पाहून आजही समाधान होते. ज्या संग्रहालयात रोज अशा वीस-पंचवीस वस्तूंच्या प्रतिमा घ्यायच्या आहेत, त्याने ही खरेदी जरूर करावी. वर्षभरात पैसे फिटतील. मैदानात उभे राहून शहर टिपण्याचे काम याहून निराळे आहे.

खर्चाची तुलना करताना लेखकाने फिल्मच्या रोलची किंमत आणि धुण्याचा खर्च यांची बेरीज करून फिल्म महाग ठरवली आहे. त्यांच्या आकड्यांशी माझे भांडण नाही. 2009 मध्ये कोडॅक्रोम या गाजलेल्या स्लाइड फिल्मचे, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट पारदर्शक रंगीत चित्र देणाऱ्या फिल्मचे, उत्पादन थांबले, 2012 मध्ये कोडॅक कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितले, आपल्याकडे उटीला ‘इंदू’ नावाने फिल्म बनवणारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स बंद पडली, आणि आता प्रत्येक रोल परदेशातून येतो. बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत पूर्वी ज्या सहजतेने स्लाइड फिल्म मिळे ती सहजता राहिलेली नाही, आणि ई-6 पद्धतीने स्लाइड फिल्म धुणाऱ्या लॅब शहरात फारच थोड्या उरल्या आहेत. स्लाइड फिल्मला एक्स्पोजरमधली अर्ध्या स्टॉपची, म्हणजे प्रकाशाच्या मोजमापातली थोडीशी, चूकही चालत नाही, म्हणून काळजीपूर्वक काम करणारा छायाचित्रकार एकाच दृश्याच्या तीन फ्रेम घेतो. चार फ्रेमच्या रोलमध्ये मग खरे पाहता एकच दृश्य बसते. विमानतळांवरची नव्या पद्धतीची सीटी यंत्रे न धुतलेल्या फिल्मवर धुरकट पडदा आणू शकतात, हा आणखी एक जाच. हे सगळे खरे आहे.

तरीही वाचकांनी पुढचा हिशेब करून पाहावा. फिल्म, धुणे आणि चांगला स्कॅन मिळून एका फ्रेमला उदाहरणादाखल 2000 रुपये धरू. खास डिजिटल कॅमेऱ्यासाठी लागणाऱ्या 15 लाख रुपयांत अशा 750 फ्रेम होतात. दृश्यामागे तीन फ्रेम घेतल्या तरी अडीचशे दृश्ये. ज्या संस्थेला वर्षाला पंचवीस दृश्यांची नोंद करायची आहे, तिला हे पैसे दहा वर्षे पुरतील, आणि तोवर त्या डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक, त्याची केबल, त्याचे सॉफ्टवेअर आणि ते चालवणारी संगणकप्रणाली यांपैकी किमान एक तरी वस्तू बाजारातून नाहीशी झालेली असेल. उलट ज्याला रोज पाच दृश्ये टिपायची आहेत, त्याचे हे पैसे दोन-अडीच महिन्यांतच फिल्मवर संपतील. त्याच्यासाठी डिजिटल कॅमेरा स्वस्त. म्हणूनच ‘फिल्म महाग की डिजिटल’ या प्रश्नाला वापराचा आकडा सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

साठवणुकीचा खर्च हा तर या विषयाचा गाभा आहे आणि त्यावर लेखात एक ओळही नाही. आमच्या गाळ्यात 1990 च्या दशकात केलेले स्कॅन आम्ही त्या काळच्या काढ-घाल करता येणाऱ्या डिस्कच्या कार्ट्रिजवर साठवत होतो. एका प्रकाशकाच्या कामाचे पाकीट मी पुष्कळ वर्षांनी उघडले तेव्हा त्यात दोन गोष्टी होत्या: एक कार्ट्रिज आणि 6 बाय 17 च्या काही ट्रान्सपरन्सी, म्हणजे धुतलेल्या स्लाइड फिल्मच्या फ्रेम. ते कार्ट्रिज वाचणारे यंत्र कुठे मिळेना. ट्रान्सपरन्सी मात्र लाइटबॉक्सवर ठेवताच गिरगाव चौपाटीपासून मलबार हिलपर्यंतचा किनारा डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि त्या पुन्हा तेल लावून ड्रमवर बसवून, खालचे बुडबुडे बोटाने सरकवून काढून आम्ही नव्याने स्कॅन केल्या. नवा स्कॅन जुन्यापेक्षा सरस निघाला, कारण दरम्यान स्कॅनर सुधारले होते आणि मूळ फिल्म होती तशीच होती. फिल्मचा हा गुण पैशांत मांडणे अवघड आहे, पण तो हिशेबातून वगळणे चुकीचे आहे.

अर्थात फिल्म आपोआप टिकते असेही कोणी समजू नये. फिल्म टिकवायची तर हवेतली आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राखावी लागते, आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ती ऐंशी टक्क्यांच्या पुढे रेंगाळते. जिलेटिनच्या थरावर बुरशी चढते, जुन्या ॲसिटेट फिल्ममधून व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, मग ती आक्रसते आणि थर सुटू लागतो. हे टाळायला चोवीस तास चालणारे वातानुकूलन आणि आर्द्रता शोषणारी यंत्रे लागतात, आणि त्यांचे वीजबिल दरमहा येते. डिजिटल फाइलींना अशी खोली लागत नाही, परंतु दर पाच-सात वर्षांनी त्या नव्या डिस्कवर किंवा टेपवर उतरवून तपासणारा माणूस लागतो. दोन्ही बाजूंनी खर्च आहे. फरक एवढाच, की फिल्मकडे चार-पाच वर्षे दुर्लक्ष झाले तर ती खराब होते आणि तरी बहुधा काहीतरी वाचवता येते. डिस्ककडे तेवढेच दुर्लक्ष झाले आणि ती बंद पडली तर कित्येकदा काहीच उरत नाही.

मग मुंबईसारख्या शहराने करावे काय? माझ्या मते लेखकाने ज्याचा ओझरता उल्लेखही केला नाही तो तिसरा मार्ग सर्वांत व्यवहार्य आहे: साध्या डिजिटल कॅमेऱ्याने अनेक चित्रे घेऊन ती जोडणे. ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटवर टिपलेल्या छायाचित्रांचे छाप शेजारी-शेजारी चिकटवूनच शहरांची विहंगम दृश्ये तयार होत, आणि मुंबईत तर 1854 मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. आज 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे 2 कोटी 40 लाख पिक्सेलचा, कॅमेरा उभा धरून, प्रत्येक वेळी तीस टक्के भाग आधीच्या चित्रावर येईल असा फिरवत, आठ चित्रे घेतली तर 23,600 बाय 6000 पिक्सेलचे, म्हणजे 14 कोटी पिक्सेलचे चित्र तयार होते. साइट्झच्या त्या महागड्या चित्राच्या जवळपासच हा आकडा जातो. 2009 मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीचा जो पॅनोरमा जगभर पाहिला गेला तो छायाचित्रकार डेव्हिड बर्गमन यांनी खिशात मावेलशा कॅमेऱ्याने घेतलेल्या 220 चित्रांतून जोडला होता, आणि तो 1,474 मेगापिक्सेलचा होता. फिल्मवर याहून मोठी मजल भौतिकशास्त्रज्ञ ग्रॅहम फ्लिंट यांनी मारली, हे खरे. परंतु त्यासाठी त्यांना लष्करी टेहळणीच्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून 9 बाय 18 इंचाची फिल्म घेणारा कॅमेरा स्वतः बांधावा लागला होता.

या पद्धतीत कौशल्य लागते. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवून चालत नाही. भिंगाच्या ज्या बिंदूतून किरण जातात असे मानता येते त्या बिंदूभोवती तो फिरला पाहिजे, नाहीतर जवळचा दिव्याचा खांब आणि मागची खिडकी यांचे नाते प्रत्येक चित्रात बदलते आणि जोड उघडा पडतो. त्यासाठी ट्रायपॉडवर बसवायचे एक खास ‘पॅनोरमा हेड’ मिळते, आणि त्याची किंमत त्या खास कॅमेऱ्यापुढे नगण्य आहे. जोडकाम करणारे ‘हगिन’सारखे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. गर्दीत माणसे दोनदा उमटतात किंवा अर्धी राहतात, हा दोष इथेही आहे. पण जोडाची जागा आपण निवडू शकतो आणि मूळ आठही चित्रे जशीच्या तशी हाती राहतात, त्यामुळे कोणते क्षण कुठे जोडले हे पुढच्या अभ्यासकाला तपासता येते.

दुसरा फायदा वास्तूंच्या नोंदीसाठी फार मोलाचा आहे. स्वतःभोवती फिरत एकाच चित्रात सगळा पॅनोरमा टिपणारा कॅमेरा, मग तो फिल्मचा असो वा डिजिटल, सरळ रेषेतल्या इमारतींना मधोमध फुगवतो. ओव्हलच्या मधोमध उभे राहून पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींची रांग अशा कॅमेऱ्याने टिपली तर सरळ रस्ता धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. मरीन ड्राइव्हची मुळातली कमान मात्र तोच कॅमेरा कधी कधी चक्क सरळ करून दाखवतो. जोडून केलेल्या चित्रात हे प्रक्षेपण, म्हणजे सभोवतालचे दृश्य सपाट कागदावर कसे उलगडायचे ते, नंतर निवडता येते, आणि एकाच साहित्यातून सरळ रेषा जपणारी एक आणि डोळ्याला स्वाभाविक वाटणारी दुसरी अशा दोन्ही प्रती काढता येतात. वास्तुतज्ज्ञाला मापे घ्यायची असतील तर या सोयीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पिक्सेल किती पुरेत, यालाही उत्तर आहे. साधारण डोळा एक मीटर अंतरावरून 0.29 मिलिमीटरहून बारीक भेद करू शकत नाही. म्हणजे दहा फूट रुंद छाप एक मीटरवरून पाहायला साडेदहा हजार पिक्सेलची रुंदी भागते. जवळ जाऊन कोरीवकाम पाहणाऱ्यासाठी दुप्पट घ्यावी, आणि तेवढी आठ चित्रांत मिळते. त्यापलीकडे रिझोल्यूशन वाढवत नेण्यात मुंबईची हवाच आड येते. नरिमन पॉइंटवरून तीनेक किलोमीटर पलीकडचा मलबार हिल टिपताना जानेवारीच्या धुरक्यात कोणताही कॅमेरा खिडक्यांच्या चौकटी दाखवत नाही, आणि पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर जी स्वच्छ दुपार मिळते तिच्यात साधा कॅमेराही त्या दाखवतो. अशा दुपारची वाट पाहायला पगारी, शिकलेला छायाचित्रकार संस्थेच्या नोकरीत असावा लागतो. निविदा काढून दोन दिवसांसाठी बोलावलेला कंत्राटदार वाट पाहत थांबत नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

म्हणून संबंधित संस्थांना माझी विनंती अशी आहे, की कॅमेऱ्याच्या तांत्रिक अटी लिहिण्यापूर्वी वर्षाला किती दृश्ये, कोणत्या जागांवरून, कशासाठी आणि पुढची वीस वर्षे साठवणुकीसाठी किती तरतूद, हे कागदावर मांडावे. माझ्या अंदाजाने बहुतेकांना चांगला साधा कॅमेरा, पॅनोरमा हेड आणि प्रशिक्षित माणूस एवढ्यावर काम भागेल. महत्त्वाच्या दहा-बारा जागांची नोंद दर दशकातून एकदा 6 बाय 17 च्या कृष्णधवल फिल्मवरही करून ठेवावी. कृष्णधवल फिल्म धुण्याचे रसायन संस्थेच्या स्वतःच्या डार्करूममध्येही सांभाळता येते आणि तिच्यातली चांदीची प्रतिमा रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यापेक्षा अधिक टिकते. वाचलेल्या पैशांतून आधी कपाटांतल्या जुन्या निगेटिव्हची तपासणी व्हावी, आणि ज्या डब्यांतून आंबट वास येऊ लागला आहे ते येत्या पावसाळ्यापूर्वी स्कॅनिंगला जावेत. कॅमेरा पुढच्या वर्षीही विकत मिळेल.

कळावे,
आपला,
एक वाचक,
प्रभादेवी, मुंबई